चार नंबरचं वल्हं

आठ जण वल्हवायला आणि एक जण सुकाणू धरायला, असे नऊ जण जमल्याशिवाय ती नाव मांडणीवरून खाली येत नाही. एक जरी कमी पडला तरी बाकीच्यांनी हात चोळत उभं राहायचं. काकांना हे आता तोंडपाठ झालं होतं. त्या सकाळीही ते नावघराच्या दारात उभे होते, हात काखेत, नाक लाल, आणि आत लांबलचक नावा एकावर एक निवांत पालथ्या पडलेल्या.

"उशीर आला का?" कोणीतरी विचारलं.

सुरुवातीला या प्रश्नावर सगळे हसायचे. आता कोणी हसत नव्हतं. उशीर हे एका मुलाचं टोपणनाव होतं. नावेत पाच नंबरवर बसणारा, रुंद खांद्यांचा, गोड स्वभावाचा मुलगा. ठरलेल्या वेळेला तो कुठे पोचल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

"फोन उचलत नाहीये," डॉक्टरीण म्हणाली. ती त्यांची प्रशिक्षक. वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होती म्हणून डॉक्टरीण, आणि कॉलेजच्या मोठ्या नावेत बरेच हंगाम काढलेले असल्यामुळे तिच्या शब्दाला मान होता. "अजून थोडं थांबू."

थोडं थांबले. तेवढ्यात शेजारच्या कॉलेजची नवख्यांची नाव समोरून गेली. आठही वल्ही एकदम पाण्यात, एकदम बाहेर. त्यांच्यातल्या एकाने तर जाता जाता यांच्याकडे बघून मान हलवली, आजारी माणसाला बघून हलवावी तशी. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शेवटी डॉक्टरीणने दाराला कुलूप घातलं. "जा, नाश्ता करा. आज काही खरं नाही."

"माझा घसा तरी वाचला," भोंगा म्हणाली. ही सुकाणूवर बसणारी मुलगी. चणीने एवढीशी, पण तिने नावेत दिलेली हाक दोन्ही काठांवरच्या लोकांना आपल्यालाच मारली असं वाटायचं. म्हणून भोंगा. बाकीची मुलं हसत-खिदळत निघून गेली. काका मात्र कुलपाकडे बघत उभे राहिले.

काका म्हणजे कोणाचे सख्खे काका नव्हेत. वय चाळिशीला टेकलेलं. नगरपालिकेत पुलांच्या डागडुजीचा अभियंता म्हणून बरीच वर्षं घासल्यावर, बायकोने एकदाचं हो म्हटल्यावर, ते पुन्हा विद्यापीठात शिरले होते संशोधन करायला. कॉलेजात बाकी सगळी विशीच्या आतबाहेरची पोरं. पहिल्याच दिवशी कोणीतरी त्यांना 'सर' म्हणालं, त्यांनी ते मोडून काढलं, तर दुसऱ्या दिवसापासून 'काका' झाले ते कायमचे.

नावेत ते लेकीमुळे आले. चौथीत असलेली त्यांची लेक एकदा त्यांच्याबरोबर कॉलेजात आली होती. तिथल्या भिंतीवर वल्हवण्याच्या चमूचं पत्रक लावलेलं होतं: 'नवखे हवेत. अनुभव नसलेलाच बरा.' लेकीने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "बाबा, तुला नाही जमणार. तुझं पोट मध्ये येईल." काकांनी तिथल्या तिथे नाव दिलं. दर हंगामाला विद्यापीठातल्या सगळ्या कॉलेजांच्या नवख्यांची आपापसात शर्यत व्हायची. ज्याने आयुष्यात कधी शर्यतीत वल्हं धरलेलं नाही, त्यालाच त्यात उतरता यायचं. एकदा उतरलात की तुम्ही नवखे राहत नाही, मग जिंका नाहीतर हरा.

गंमत म्हणून नाव दिलेले काका बघता बघता त्या खेळाच्या नादी लागले. तळघरात व्यायामाचं वल्हवण्याचं यंत्र होतं, त्यावर ते दुपारी घाम गाळायचे. चित्रफिती बघायचे. जेवताना चमचा धरून वल्हं पाण्यात कसं शिरायला हवं ते लेकीला दाखवायचे. पोटही थोडं आत गेलं. हे सगळं ते मन लावून करत होते आणि नेमकं म्हणूनच त्यांचा संताप होत होता. कारण हंगामाची कहाणी एकच होती. एक आठवडा धुक्यात गेला. मग वरच्या अंगाला पाऊस झाला, नदीला ओढ आली, धक्क्यावर बंदीचा लाल बावटा चढला तो उतरेना. बावटा उतरला तर कॉलेजच्या दुसऱ्या चमूने नाव काठावर आदळून तिचं नाक फोडलं. नाव दुरुस्त होऊन आली तर मुलांच्या चाचण्या सुरू झाल्या. आणि यातून जी एखादी सकाळ हाती लागायची, तिच्यावर उशीर पाणी फिरवायचा.

ते घरी पोचले तेव्हा बायको लेकीची वेणी घालत होती. ती एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध विभागात होती. सरावाच्या दिवशी सकाळचं सगळं तिच्या गळ्यात पडायचं: लेकीला उठवणं, आवरणं, डबा, शाळा, आणि मग धावतपळत स्वतःची ड्युटी.

"आलास पण?" तिने घड्याळाकडे बघितलं. "आज पण नाही उतरलात ना?"

"नाही."

"तो मुलगा?"

"तोच." काकांनी बूट काढून कोपऱ्यात भिरकावले. "माणसाला काही लाज? आठ लोक थंडीत कुडकुडत उभे, आणि हा तिकडे घोरतोय."

"बाबा, ओरडू नकोस, वेणी वाकडी होते," लेक म्हणाली.

"चिडायला तुला एवढ्या लांब नदीवर कशाला जावं लागतं?" बायको म्हणाली. "घरी चीड की. निदान भांडी घासता घासता चिडशील."

काकांना हसू आलं असतं एरवी. त्या दिवशी आलं नाही. ते आत गेले आणि त्यांनी सगळ्या चमूला फोनवर एक लांबच लांब संदेश लिहिला. जबाबदारी म्हणजे काय, दुसऱ्याच्या वेळेची किंमत काय, कार्यालयात असं चाललं असतं का, सगळं आलं त्यात. दुपारी उशीरने उत्तर म्हणून एक अंगठा पाठवला.

त्याच संध्याकाळी कॉलेजच्या भोजनगृहात काकांनी त्याला गाठलंच. ताट घेऊन त्याच्या समोर बसले.

"मला फक्त एवढं सांग, कारण काय? रात्री अभ्यास करतोस? काम करतोस कुठे? घरी काही अडचण आहे?"

उशीरने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही काका. कारण असं काही नाही. मला जागच येत नाही."

"गजर लाव."

"लावतो ना. तो वाजून वाजून बंद होतो. शेजारच्या खोलीतला मुलगा भिंतीवर बुक्क्या मारतो, ते पण ऐकू येत नाही मला. तोच सांगतो नंतर."

काकांना वाटलं होतं, काहीतरी कारण निघेल, मग आपला राग निवळेल. इथे तर रागाला टेकायला भिंतच नव्हती. "मग काय, मी येऊ उठवायला रोज?" ते वैतागून म्हणाले.

उशीरचा चेहरा उजळला. "चालेल काका. खूप बरं होईल."

आणि बोललेला शब्द काकांच्याच मानगुटीवर बसला. त्यानंतर सरावाच्या दर सकाळी ते अंधारात सायकल काढायचे, नदीच्या उलट्या दिशेला वसतिगृहाकडे जायचे, तीन जिने चढायचे आणि दार बडवायचे. आधी बोटांनी, मग मुठीने, मग बुटाने. आतून म्हशीसारखा आवाज यायचा. दार उघडायचं, पांघरुणात गुंडाळलेला उशीर दिसायचा, आणि त्याच्या मागून ओल्या मोज्यांचा, शिळ्या खाण्याचा, कधी न उघडलेल्या खिडकीचा एक भपकारा अंगावर यायचा.

"दुसरा मोजा कुठाय?" काका विचारायचे.

"इथेच होता काका."

काका वाकून पलंगाखाली मोजा शोधायचे. मनात म्हणायचे, पुलाच्या कमानीखाली लोंबकळून भेगा बघितल्या आपण, आता ही वेळ आली.

पण नाव पाण्यात उतरायला लागली. आणि ती उतरली तेव्हा कळलं, की आत्तापर्यंतचा वैताग काहीच नव्हता. नाव एवढी अरुंद की एकाने नाक खाजवलं तरी आठ जण डुलत. प्रत्येकाच्या हातात एकच लांब वल्हं, एकाचं डावीकडे, पुढच्याचं उजवीकडे. सगळे बसतात ते नाव जाते त्या दिशेला पाठ करून. समोर दिसते ती फक्त पुढच्या माणसाची पाठ, आणि सगळा ताल त्या पाठीवरून उचलायचा. चार नंबरवरच्या काकांच्या समोर पाच नंबरची पाठ होती, म्हणजे उशीरची. तो मनात आलं की लवकर सरकायचा, मनात आलं की रेंगाळायचा. काकांचं वल्हं कधी आधी पडायचं, कधी नंतर.

"सावकाश सरक. अरे, सावकाश," काका मागून म्हणायचे.

एकदा डॉक्टरीण काठावरून सायकल चालवत येत होती, तिने हे ऐकलं. तिने नाव थांबवली. "काका, नावेत बोलणार कोण?"

"भोंगा."

"फक्त भोंगा. आणि सगळ्यांनी ऐका: नजर नावेच्या आत. काठावर हत्ती नाचत असला तरी बाहेर बघायचं नाही. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की वल्ह्याचं पातं वाकडं निघतं."

निम्म्या वयाच्या पोरीकडून सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं, म्हणून काकांचे कान तापले. पण तिचं बरोबर होतं हे त्यांना कळत होतं. तेव्हापासून ते तोंड मिटून बसायचे. किनाऱ्यावर आल्यावर मात्र मुलांना पुन्हा पुन्हा सांगायचे, "नजर आत, बरं का. नजर आत." मुलं एकमेकांकडे बघून हसायची.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात एक सकाळ अशी आली, की काय झालं कोणास ठाऊक, सगळ्यांची वल्ही एकदम पडली. एकदा, दोनदा, मग पडतच राहिली. नाव डुलायची थांबली. तळाखालून पाण्याचा बारीक आवाज यायला लागला, जो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. भोंगासुद्धा हळू बोलायला लागली. काकांना वाटलं, हेच, याच्यासाठी आपण मोजे शोधत होतो. आणि तेवढ्यात समोरून गाळ काढणाऱ्यांची मोठी होडी आडवी आली, भोंगाने "थांबा" म्हणून बोंब ठोकली आणि सगळं विस्कटलं. पुन्हा काही ते जमलं नाही.

शर्यत शनिवारी होती. एका वेळी दोन नावा, हरेल ती घरी जाईल, जिंकेल ती पुढच्या फेरीत. बायकोची ड्युटी दुपारची होती, तरी ती लेकीला घेऊन आली. काठावर ही गर्दी. कॉलेजाकॉलेजांची मुलं ओरडत होती, वारा नदीभर फिरत होता, पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या.

पहिल्या फेरीत पंचांनी बावटा खाली केला आणि समोरची नाव सरळ जायच्या ऐवजी काठावरच्या लव्हाळ्यात घुसली. त्यांच्या सुकाणूवरचा मुलगा रडकुंडीला आला होता. काकांची नाव वाकडीतिकडी का होईना, एकटीच शेवटापर्यंत गेली आणि जिंकली. मुलांनी आरडाओरडा केला, वल्ही पाण्यावर आपटली. भोंगाने तर नावेतच नाचायचं बाकी ठेवलं.

"हे काय जिंकणं झालं?" काका पुटपुटले.

"झालं की काका," पुढून उशीर म्हणाला. "पुढच्या फेरीत गेलो ना."

पुढची फेरी लागेचना. कोणत्या तरी दोन नावांची वल्ही एकमेकांत अडकली होती, त्यावरून पंचांसमोर वाद चालला होता. मग वारा वाढला म्हणून सगळं थांबवलं. मग पुन्हा सुरू केलं. काका दर थोड्या वेळाने काठावर जाऊन बायकोला सांगत होते, "आता लागेलच."

"हे तू मघाशी पण म्हणालास."

"आता खरंच लागेल."

लेकीला थंडी वाजत होती. तिला शी-शूला जायचं होतं, आणि तिथल्या एकुलत्या एका शौचालयासमोर रांग होती. बायकोने तिला नेऊन आणलं. येऊन बघते तो सगळं तसंच.

"हे बघ," ती म्हणाली, "मला हिला शेजारच्या काकूंकडे सोडून मग ड्युटीवर जायचंय. आम्ही तिकडे पुढे, त्या मोठ्या झाडाखालच्या बाकापाशी थांबतो. तिथून शेवटचा भाग दिसतो. पण उशीर झाला तर मी निघणार हं. मग तोंड पाडू नकोस."

"नाही पाडणार. थांब ना पण थोडं."

"थांबतेच आहे की सकाळपासून."

अखेर त्यांची नाव रेषेवर लागली. समोर शेजारच्या कॉलेजचीच नाव होती, तीच मान हलवणारी. काकांनी वल्ह्याची मूठ घट्ट धरली, मग आठवण होऊन सैल केली. बावटा पडला.

आणि नाव सुटली ती अशी, की पहिल्या काही वल्ह्यांतच काकांना कळलं, आज काहीतरी वेगळं आहे. उशीरची पाठ समोर घड्याळाच्या लंबकासारखी पुढेमागे जात होती. ना घाई, ना रेंगाळणं. ज्या मुलाचे मोजे त्यांनी पलंगाखालून काढले होते, तो आज एखाद्या मुरलेल्या खेळाडूसारखा वल्हवत होता आणि काकांना त्याच्या मागे नुसतं जायचं होतं. भोंगा ओरडत होती, "मी त्यांच्या तीन नंबरच्या बाजूला आहे. आता दोन नंबरच्या. मला त्यांचं टोक द्या." नाव पुढे सरकत होती. समोरचे मागे पडत होते, हे काकांना डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं. छाती फुटायची वेळ आली होती, पण त्यांना एवढं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"टोक मिळालं," भोंगा किंचाळली. "झाडापासून शेवटचा जोर."

झाड म्हटल्याबरोबर काकांच्या मनात आलं, बाक. त्या थांबल्या असतील का? त्यांनी मान वळवली. एवढीशीच. झाड दिसलं, बाक दिसला, बाकावर कोणी नव्हतं.

त्याच क्षणी वल्ह्याचं पातं पाण्यात तिरकं गेलं आणि तिथेच रुतलं. या खेळातले लोक त्याला 'क्रॅब' म्हणतात, खेकड्याने पकडल्यासारखं वल्हं हलत नाही म्हणून. नाव तर पुढे धावतच असते, मग वल्ह्याची मूठ उलटी येऊन बसणाऱ्यावर आदळते. काकांच्या बरगड्यांत ती एवढ्या जोरात बसली की ते मागे तीन नंबरच्या मांडीवर आडवे झाले. मूठ त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली. मागच्यांची वल्ही त्यांच्या वल्ह्यावर आपटली, नाव एका अंगाला कलली, आणि आत्तापर्यंत पळणारी ती वस्तू पाण्यात नुसती तरंगायला लागली. काकांनी धडपडून मूठ पकडली, बसते झाले, पुन्हा वल्हं लावलं. सगळं मिळून फार वेळ लागला नसेल. पण शेजारचे तोपर्यंत बाजूने निघून गेले होते.

नाव धक्क्याला लागली. काका वाट बघत होते. आता कोणीतरी म्हणेल. म्हणायलाच हवं.

"वारा होता," भोंगा म्हणाली. "त्या झाडापाशी झोत येतोच."

"काका, लागलं का खूप?" उशीरने विचारलं.

डॉक्टरीणने त्यांना धक्क्यावर बसवलं, बरगड्या दाबून बघितल्या, खोल श्वास घ्यायला लावला. "मोडलेलं नाही काही. मुका मार आहे. ठणकेल थोडे दिवस."

"वारा नव्हता," काका म्हणाले. "मी बाहेर बघितलं. मी मान वळवली."

मग खांब नावाचा उंच मुलगा, जो सगळ्यात पुढे बसून ताल द्यायचा, तो म्हणाला, "जाऊ दे काका. उपांत्य फेरीच्या उंबरठ्यापर्यंत तरी आलो. गेल्या वर्षीचे तर पहिल्याच फेरीत बुडले होते."

"होतं हो," उशीर म्हणाला. "मी तर कितीदा बघतो बाहेर. बदकं बघतो."

काकांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या मनात आलं, ह्याने आता मला चार शब्द सुनवावेत. लांबच लांब संदेश लिहावा, जबाबदारी म्हणजे काय ते. पण तो पोरगा खरोखरच रागावला नव्हता. त्याला भूक लागली होती. थोड्याच वेळात सगळे गरम काहीतरी शोधायला निघून गेले, काकांनाही ओढत होते, पण ते गेले नाहीत. ओली नाव पुसायचं काम त्यांनी एकट्याने मागून घेतलं, आणि वाकलं की बरगडीतून कळ यायची तरी टोकापासून टोकापर्यंत ती पुसली.

बायको ड्युटीवरून आली तेव्हा लेक झोपायच्या तयारीत होती. काकांनी सूप गरम केलं होतं, ब्रेड भाजला होता.

"काय झालं मग?" बायकोने पर्स ठेवता ठेवता विचारलं.

"हरलो."

"अरेरे. खूप मागे?"

"पुढे होतो. जिंकत होतो." काका टेबलाकडे बघत म्हणाले. "झाडापाशी तुम्ही आहात का ते बघायला मी मान वळवली. आणि वल्हं अडकलं."

बायको उभीच राहिली. "म्हणजे आमच्यामुळे हरलास."

"मी असं म्हटलं का?"

"म्हटलं नाहीस, पण ताटात वाढलंस बरोबर."

"अगं, मी फक्त काय झालं ते सांगतोय. तुम्ही गेलेल्या होतात, एवढंच."

"गेलेच होते. गेले नसते तर तिकडे औषधं कोण देणार होतं, भोंगा?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि काकांना तो चढलेल्या आवाजापेक्षा जड गेला. "सगळा हंगाम मी ऐकतेय. धुकं, बावटा, तो मुलगा. त्या दुसऱ्याच्या पोराला उठवायला तू अंधारात सायकल मारत गेलास. त्याचे मोजे शोधलेस. मला कौतुक वाटलं, खरंच. पण आपल्या पोरीला या हंगामात एकदा तरी उठवलंस का?"

दिवसभर काकांना वाटत होतं, कोणीतरी आपल्याला बोलावं. आता बोलणी बसली होती, पण ती भलत्याच गोष्टीवरून, आणि तिथे तर वाऱ्याचंही निमित्त नव्हतं. लेक दारात उभी राहून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"तू झोप जा," दोघं एकदमच तिला म्हणाले.

दोघांनी सूप प्यायलं. बायकोने त्यांच्या बरगडीवर लावायला मलम आणून टेबलावर ठेवलं. लावून मात्र दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका सवयीने अंधारातच जागे झाले. बराच वेळ छताकडे बघत पडून राहिले. मग उठून दूध तापवलं, लेकीच्या खोलीत गेले आणि हळूच तिच्या खांद्याला हात लावला. ती उठेना. त्यांनी हाक मारली, पांघरूण ओढलं, पायाला गुदगुल्या केल्या. शेवटी तिने एक डोळा उघडला.

"बाबा, काय आहे?"

"उठ. आज मी आवरून देतो तुझं सगळं. वेणी पण घालतो."

"आज रविवार आहे बाबा," लेक म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा झोपली.

बाहेरच्या खोलीतून बायकोच्या हसण्याचा आवाज आला. काकांना त्या आवाजाने बरं वाटलं आणि चीडही आली, दोन्ही एकदम. त्यांनी ते दूध स्वतःच पिऊन टाकलं.

पुढच्या हंगामात कॉलेजच्या मोठ्या नावांसाठी निवड झाली. आता नवखं कोणीच नव्हतं. उशीर पहिल्या झटक्यात दुसऱ्या नावेत गेला. त्याने खोली बदलून खांबाच्या शेजारी घेतली होती, आणि खांब त्याला पाणी ओतून उठवायचा म्हणे. भोंगा तर थेट पहिल्या नावेच्या सुकाणूवर बसली. काका निवडीच्या अर्ध्याच सकाळी गेले, कारण उरलेल्या सकाळी लेकीला शाळेत सोडायची पाळी त्यांची होती. वेणी त्यांना अजूनही नीट येत नव्हती आणि लेक रोज तोंड फुगवून शाळेत जायची.

"काका, तुमचं तंत्र चांगलं आहे," डॉक्टरीण त्यांना म्हणाली. तिला हे सांगणं जड जात होतं. "पण अर्ध्या हजेरीवर मी तुम्हाला वर घेऊ शकत नाही. तिसरी नाव आहे. रविवारी दुपारी उतरते. ज्याला जसं जमेल तसं."

"म्हणजे मोडकंतोडकं सगळं."

"तसंच काहीसं."

"आणि समजा, तिथे आठ जण आलेच नाहीत तर?"

"मग नाही उतरायचं," डॉक्टरीण म्हणाली.

पहिल्या रविवारी काका गेले तर आश्चर्य म्हणजे नऊच्या नऊ हजर. त्यात ग्रंथालयातल्या एक बाई होत्या, रसायनाचे एक जाडजूड प्राध्यापक होते, आणि कुठल्याच नावेत न बसलेली सहा मुलं. नदी आरशासारखी होती, वारा नावाला नव्हता. फक्त नावघराची किल्ली ज्या मुलीकडे होती ती दोन दिवसांसाठी गावी गेली होती, आणि किल्ली तिच्या पर्समध्ये.

काका पायरीवर बसले. त्यांनी मनातल्या मनात नावघराला, कुलपाला, त्या मुलीला आणि जगातल्या सगळ्या नद्यांना शिव्या घातल्या. प्राध्यापक धापा टाकत शेजारी येऊन बसले.

"तुम्ही जुने आहात ना इथले?" त्यांनी विचारलं. "हे असं नेहमी होतं का?"

"नेहमी," काका म्हणाले.

"मग पुढच्या रविवारी येणार का?"

काकांनी बंद दाराकडे बघितलं. "येणार की," ते चिडूनच म्हणाले. "जातो कुठे?"